बसऱ्याचा राग नव्ह शापेलवर

आमच्या भावकीच्या ग्रुपवर नानाकाकांनी परवा तो मेसेज पुन्हा टाकला. मार्च महिना आला की तो कुठून तरी फिरत येतोच, डोक्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का घेऊन. या वेळी मी गप्प बसलो नाही. ग्रुपवर लिहायला घेतलं ते फारच लांबलं, म्हणून इथे नीट मांडतोय. नानाकाकांची परवानगी घेतली आहे.

मेसेज थोडक्यात असा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या ‘न्यू चॅपल’ नावाच्या खेड्यात १० मार्च १९१५ या एका दिवसात ४,७४२ हिंदी सैनिक मारले गेले. इंग्रजांनी गोऱ्या पलटणी मागे ठेवल्या आणि आपल्या माणसांना ढाल म्हणून पुढे केलं. तरीही गाव जिंकलं, ते मराठ्यांनी. काम झाल्यावर इंग्रज साधा दगडसुद्धा न लावता निघून गेले. शंभर वर्षं कुणी नाव काढलं नाही, आणि २०१५ साली भारत सरकारनं तिथे स्मारक बांधलं तेव्हा कुठे न्याय झाला. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ आहेच.

सुरुवात फोटोपासून करू. मेसेजला पांढऱ्याशुभ्र संगमरवरी छत्रीचा फोटो जोडलाय, मागे हिरवी टेकडी. ही छत्री फ्रान्समध्ये नाहीच. ती इंग्लंडात, ब्रायटनजवळच्या पॅचम इथल्या टेकडीवर आहे. ब्रायटनच्या लष्करी रुग्णालयांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं जिथे दहन झालं, त्याच जागी ती उभी केली, आणि १ फेब्रुवारी १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्सनं तिचं अनावरण केलं. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा. म्हणजे इंग्रजांनी दगड लावला नाही असं सांगणाऱ्या मेसेजच्या माथ्यावर इंग्रजांच्याच देशातलं, एका मुंबईकरानं आखलेलं स्मारक! फॉरवर्ड करणाऱ्यांनी फोटोकडे तरी नीट बघावं.

आता गाव. नाव नव्ह शापेल, ‘नवं चॅपेल’ अशा अर्थाचं. उत्तर फ्रान्समधल्या पा-द-काले भागात, बेथूनच्या पलीकडे, सपाट आणि पाणथळ मुलखात हे लहानसं खेडं आहे. इथे दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खंदक खाली खणण्याऐवजी मातीच्या आणि वाळूच्या पोत्यांच्या भिंती वर रचाव्या लागत. सातारा-सांगलीच्या माणसाला ‘खंदकात लढले’ म्हटल्यावर जे चित्र दिसतं, त्यापेक्षा हे चिखलात भिंत बांधून तिच्याआड बसणं होतं, आणि तेही फ्रान्सच्या हिवाळ्यात.

तर तो आकडा. या गावाजवळच्या स्मारकावर ४,७००हून अधिक नावं आहेत, इथपर्यंत खरं. पण ही नावं एका दिवसाची नाहीत आणि एका गावाचीही नाहीत. १९१४ ते १९१८ या काळात पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमच्या रणांगणात, मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा दहनाची जागा सापडली नाही, अशा अविभाजित हिंदुस्थानातल्या सैनिकांची आणि मजुरांची ती यादी आहे. आणखी चारशेवर नावं बेल्जियममधल्या ईप्र गावच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर आहेत. खुद्द नव्ह शापेलची लढाई चार दिवस चालली, १० ते १३ मार्च. तीत ब्रिटिश फौजेचे एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास लोक कामी आले, त्यातले सुमारे ४,२०० हिंदी सैन्याच्या वाट्याचे. आणि हे ‘कामी आले’ म्हणजे ठार, जखमी, बेपत्ता सगळे मिळून. दोन आकडे जवळजवळचे दिसले की कुणीतरी ते एकमेकांना चिकटवतो, आणि एकदा चिकटले की सुटत नाहीत.

आता ढालीचा मुद्दा. हा सगळ्यांत जास्त पटणारा आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो.

त्या सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या. पस्तीस मिनिटं भडिमार चालला आणि ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळ निघालं. उजवीकडे हिंदी कोअरची, म्हणजे फ्रान्सला धाडलेल्या हिंदी फौजेची, मेरठ डिव्हिजन, डावीकडे ब्रिटिशांची आठवी डिव्हिजन, दोघी एकाच वेळी. मेरठ डिव्हिजनच्या गढवाल ब्रिगेडमध्ये गढवाली आणि गुरखा पलटणींबरोबर इंग्लंडमधली लेस्टरशायर रेजिमेंटची पलटणही होती. हिंदी ब्रिगेडमध्ये गोरी पलटण मिसळायची ही जुनी, १८५७नंतरची रीत. त्यामागचा हेतू काही फार उदात्त नव्हता, पण रणांगणावर तिचा परिणाम एवढाच की एकच चिखल दोघांनी तुडवला.

आणि त्या सकाळी सर्वांत भीषण कत्तल कुणाची झाली? अगदी डाव्या टोकाला मिडलसेक्स आणि स्कॉटिश रायफल्स या दोन ब्रिटिश पलटणींची. त्यांच्यासमोरची काटेरी तार तोडायचं काम ज्या तोफांकडे होतं, त्या आदल्या दिवशीच येऊन पोचल्या होत्या आणि त्यांना नेम बसवायला वेळच मिळाला नव्हता. तार जशीच्या तशी राहिली आणि माणसं तिला जाऊन अडकली. अगदी उजव्या टोकालाही तसंच घडलं. ३९व्या गढवालची पहिली पलटण धुरात दिशा चुकून, तोफांचा मारा न झालेल्या तारांवर गेली. मशीनगनला चामडीचा रंग कळत नाही, तिला न तुटलेली तार कळते.

मग इंग्रज भेदभाव करत नव्हते का? करत होते, आणि भरपूर. शिपायाला महिना अकरा रुपये. पंचवीस वर्षं नोकरी केलेला सुभेदार मेजर कालच विलायतेहून आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटच्या हाताखाली, कारण राजाचं कमिशन हिंदी माणसाला मिळतच नसे. जखमी बरा झाला की त्याला पुन्हा आघाडीवर धाडत, आणि याबद्दल घरी गेलेल्या पत्रांत फार कडवट लिहिलंय. बुलोनच्या सेन्सॉर कचेरीत ही पत्रं उघडून वाचली जात. सैनिकांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सांकेतिक भाषा काढली होती. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. काळी मिरी आता संपत आलीय, अशा अर्थाची वाक्यं त्या पत्रांत सापडतात. सेन्सॉरवाल्यांना हा मसाला कळत नव्हता असं नाही, पण पत्र अडवायचं की जाऊ द्यायचं यावर त्यांचीही पंचाईत व्हायची.

म्हणजे अन्याय होता, तो पगारात होता, हुद्द्यात होता, बदलीची माणसं न देण्यात होता. ‘गोरे मागे, आपले पुढे’ हे त्या दिवसापुरतं मात्र खोटं आहे. खोटा पुरावा देऊन खरी तक्रार मांडली की समोरचा पुरावा खोडतो, आणि तक्रारही त्याबरोबर वाहून जाते.

गाव मराठ्यांनी जिंकलं का? मलाही आवडलं असतं. पण मराठा लाइट इन्फन्ट्रीची एकही पलटण तिथे नव्हती. १० मार्चला हिंदी बाजूनं गावात घुसले ते गढवाली, गुरखे आणि लेस्टरवाले. तिसऱ्या गुरखा रेजिमेंटचे जवान आणि डावीकडून आलेले रायफल ब्रिगेडचे ब्रिटिश सैनिक पडक्या घरांमध्ये एकमेकांना भेटले. त्या दिवसाचं एक नाव सांगायचंच तर रायफलमन गबर सिंग नेगी. वय १९. टिहरी गढवालमधल्या चंबाजवळचा. जर्मन खंदक सरळ रेषेत नसत, दर काही पावलांवर काटकोनात वळत, म्हणजे एका टोकाला कुणी घुसला तरी त्याला सरळ गोळी घालता येऊ नये. अशा वळणावर पहिला जाणारा माणूस म्हणजे पलीकडे काय आहे ते छातीवर घेणारा माणूस. हातबाँबवाल्यांच्या सोबतीला संगीन घेऊन जी टोळी होती, तिच्यात गबर सिंग प्रत्येक वळणावर पहिला गेला. समोरचे शरण येईपर्यंत तो जात राहिला, आणि त्याच लढाईत पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नव्ह शापेलच्या स्मारकावर त्याचं नाव आहे, आणि चंब्यात त्याच्या स्मारकापाशी दर वर्षी एप्रिलमध्ये मेळा भरतो. गढवालातल्या लोकांना फॉरवर्डची गरज पडली नाही.

तरी या गावाशी महाराष्ट्राचा संबंध आहेच. फक्त मेसेज लिहिणाऱ्याला तो माहीत नाही. मार्चच्या साडेचार महिने आधी, २८ ऑक्टोबर १९१४ला, जर्मनांनी घेतलेलं हेच गाव परत मिळवायला ४७वे शीख आणि मुंबई सॅपर्सच्या २० व २१ नंबरच्या कंपन्या सोडल्या गेल्या. सॅपर्स म्हणजे आपल्या खडकीचे. पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम, पण त्या दिवशी पायदळ कमी पडलं म्हणून त्यांच्या हातात संगिनी आल्या. घराघरातून, परसातून, गल्लीतून हातघाई झाली. गाव घेतलंसुद्धा. पण मागून कुमक आली नाही, उलट हल्ले वाढत गेले आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचा एकूण एक ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाला. उरलेल्या जवानांना बाहेर कुणी आणलं असेल, हे ज्यानं पलटणीतला हवालदार पाहिलाय त्याला सांगायला नको. याशिवाय मार्चच्या लढाईत जुन्या मुंबई लष्करातली १०७वी पायोनियर्स पलटणही मेरठ डिव्हिजनबरोबर होती, म्हणजे एका हातात रायफल, दुसऱ्या हातात फावडं. अभिमान बाळगायचा तर हे पुरेसं आहे. जिंकलेलंच हवं हा हट्ट कशाला?

आता स्मारक. ‘२०१५ साली भारत सरकारनं बांधलं’ हे वाचून मी खरोखर कपाळावर हात मारला. ते स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुलं झालं. उद्घाटक लॉर्ड बर्कनहेड, जो युद्धात याच हिंदी कोअरच्या मुख्यालयात अधिकारी होता. समारंभाला फ्रान्सचा मार्शल फॉश हजर होता, कपूरथळ्याचे महाराज होते, रुडयार्ड किपलिंग होता. २०१५ साली, ११ एप्रिलला, पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथे जाऊन पुष्पचक्र वाहिलं. पुष्पचक्राचं बांधकाम कुणी केलं देव जाणे. भारतानं स्वतः फ्रान्समध्ये उभारलेलं युद्धस्मारक आहे, पण ते वेगळ्या गावात, व्हिलेर-गिस्लँला, जिथे १९१७च्या हिवाळ्यात कांब्रेच्या लढाईत हिंदी घोडदळ लढलं. त्याचं उद्घाटन १० नोव्हेंबर २०१८ला तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांनी केलं. मेसेजवाल्यानं दोन गावं आणि तीन तारखा एका खलबत्त्यात कुटल्या आहेत.

नव्ह शापेलचं स्मारक कसं आहे ते सांगतो, कारण ‘साधा दगड’ हा शब्द मला फार टोचला. नवी दिल्लीचं सचिवालय ज्यानं बांधलं त्या हर्बर्ट बेकरचं ते काम. आकार गोल, जुन्या स्तूपांभोवती दगडी कठडा असतो तसा. अर्ध्या गोलाला दगडात कोरलेली जाळी, उरलेल्या अर्ध्याला भक्कम भिंत, आणि भिंतीच्या दोन टोकांना छोट्या घुमटांच्या छत्र्या. पुढे सुमारे १५ मीटर उंच खांब, अशोकस्तंभावरून सुचलेला, वर कमळ. कमळावर मात्र ब्रिटिश मुकुट आणि ‘स्टार ऑफ इंडिया’, म्हणजे अशोकाच्या डोक्यावर पंचम जॉर्ज. खांबाच्या दोन बाजूंना दगडी वाघ बसलेत. खांबाच्या खालच्या भागावर ‘देव एक आहे, विजय त्याचाच’ अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीबरोबर अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत आहे. भिंतीवर पलटणीवार नावं. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, आणि त्या यादीत मजूरही. आजच्या हिशेबानं यातले कितीतरी पाकिस्तानातले, काही नेपाळचे, त्यामुळे ‘४,७४२ भारतीय’ म्हणतानाही जरा सांभाळूनच म्हणावं. १९६४ साली तिथे एक कांस्यफलक आणखी लावला. त्यावरचे २१० जण जर्मनीत मेलेले. त्यांच्या कबरी पूर्व जर्मनीतल्या झेरेन्सडॉर्फला होत्या, आणि त्यांची निगा राखणं अशक्य झालं तेव्हा त्यांची नावं इथे आणली. शंभर वर्षं विसरलेल्या जागेची ही गत.

गावकऱ्यांना काही पत्ता नाही, असंही मेसेज सुचवतो. लढाईत ते गाव भुईसपाट झालं होतं. क्रूसावरचा एक येशू तेवढा तुटक्या अवस्थेत उभा राहिला. पुढे ही आघाडी पोर्तुगीज सैन्याकडे आली आणि एप्रिल १९१८च्या जर्मन हल्ल्यात तेही चिरडले गेले. हात-पाय तुटलेला तो येशू १९५८ साली पोर्तुगालला नेला. बटाल्याच्या मठात त्यांच्या अनामिक सैनिकांच्या थडग्यापाशी तो आज आहे. हिंदी स्मारकापासून जवळच पोर्तुगीजांची दफनभूमी आहे, १,८३१ कबरींची. ज्या गावाच्या वेशीवर दोन परक्या देशांची मेलेली माणसं आहेत आणि चौकात स्वतःच्या पोरांच्या नावांचा खांब, त्या गावाला विस्मरण शिकवायला आपण कशाला जायचं?

इथपर्यंत ग्रुपवर लिहिलं तेव्हा नानाकाकांचा एकच प्रश्न आला. “म्हणजे इंग्रजांनी सगळं नीटच केलं म्हणतोस?”

नाही काका, आणि म्हणूनच हा सगळा खटाटोप. वड्याचं तेल वांग्यावर ओतलंय.

मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मुख्यतः कुठे मेल्या? मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५पासून ही डिव्हिजन कुत-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. धान्य संपलं, घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. त्यानंतर कैद्यांची जी पायपीट झाली, तिच्यात किती जण वाटेतच राहिले. या मुलखात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, ४० हजारांहून अधिक जणांचं, आणि त्यातले बहुसंख्य हिंदी.

तिथल्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, अगदी साध्या प्रायव्हेटचंसुद्धा. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, बस्स. नव्ह शापेलला, युरोपच्या डोळ्यांसमोर, मजुराचंही नाव लागलं. बसऱ्याला, जिथे बघायला कोण येणार होतं, तिथे सातारा-रत्नागिरीचा शिपाई एका बेरजेत गेला. हे माझं अनुमान नाही. ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानंच एप्रिल २०२१मध्ये अहवाल काढून कबूल केलं की ४५ ते ५४ हजार जणांचं, म्हणजे मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी लोकांचं, स्मरण इतरांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावं तर लागलीच नाहीत. त्याबद्दल आयोगानं माफी मागितली. ते स्मारकही १९९७ साली सद्दामच्या हुकमानं जागचं हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. तिथे आता जाणंही सोपं नाही.

मेसेज लिहिणाऱ्यानं हे लिहिलं असतं तर मीच दहा जणांना पाठवला असता.

आणि मुंबईत बसून फ्रेंचांना नावं ठेवणाऱ्यांसाठी एक पत्ता देतो. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. लोकल मशीद स्टेशनात थांबते.

रात्री उशिरा नानाकाकांचा मेसेज आला. आपल्या जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे ना, ‘या गावातून इतके जण महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले’ अशी. तशा पाट्या आपल्याकडे गावोगाव आहेत, चुना मारून मारून अक्षरं बुजलेल्या. काका म्हणाले, उद्या जाऊन बघतो, तिच्यावर नावं आहेत की नुसता आकडा.

सकाळी फोटो आला. आकडा आहे, चार.